माळवदाखालचं लाकूड

सोलापूरहून कुंभारी, वळसंग मागे टाकत अक्कलकोटकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरचा रस्ता तासाभरात संपतो. बहुतेक प्रवाशांचा बेत ठरलेला असतो: वटवृक्ष मंदिरात दर्शन, अन्नछत्रात प्रसाद, जमलं तर राजवाड्यातलं शस्त्रागार, आणि दिवेलागणीच्या आत परतीची गाडी. पाहण्यासारखं आणखी एक या तालुक्यात आहे आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. गल्लीच्या तोंडाशी, वेशीच्या आत, पिंपळाच्या पारामागे ते उभं असतं. ते म्हणजे इथलं माळवदाचं घर.

वाट वाकडी करायची गरजही नाही. भाविक ज्या समाधी मठात माथा टेकतात, तो मठ मुळात एक राहतं घरच होतं. १८५७ च्या सुमारास स्वामी समर्थ अक्कलकोटात आले आणि चोळप्पांच्या घरी राहिले. ३० एप्रिल १८७८ रोजी त्यांनी देह ठेवला आणि समाधी त्याच घराच्या जागेत झाली. आज तिथे संगमरवर आहे, रांगेचे कठडे आहेत. पण ही जागा एका संसारी माणसाच्या ओसरी-माजघराची होती, हे ध्यानात ठेवून आजूबाजूच्या पेठांतून फिरलं की गाव निराळं दिसू लागतं.

अक्कलकोटच्या गादीचं मूळही एका पाटलाच्या घरात आहे. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून दक्षिणेत येत होते, तेव्हा पारद गावाशी चकमक झाली. लोखंडे पाटील त्यात मारले गेले. पाटलाच्या विधवेने आपलं मूल महाराजांच्या पालखीपुढे आणून घातलं. महाराजांनी त्या मुलाला आपल्या मुलासारखं वाढवलं, भोसले आडनाव दिलं, आणि राणोजी लोखंडे पुढे फत्तेसिंह भोसले म्हणून अक्कलकोटच्या घराण्याचा मूळपुरुष झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नव्या राजवाड्यावर इंग्रजी वळणाची छाप आहे. पण अशा घराण्यांची सुरुवात ज्या चौकटीत झाली, ती बघायची तर मैंदर्गी, दुधनी, नागणसूर, चपळगाव या बाजूंना जायला हवं.

अशा घरासमोर उभं राहिलं की आधी दिसते ती भिंत. काळ्या दगडाची, दोन-तीन फूट जाड, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. दार मात्र दणकट: जाड फळ्यांचं, लोखंडी पट्ट्यांचं, आतून अडसराचं. उंबरा ओलांडला की ढेलज लागते. पाहुणा, गडी, सावकाराचा माणूस, सगळे आधी इथे टेकणार. ढेलजेतून पुढे चौक, चौकाभोवती सोपे, सोप्यामागे माजघर आणि स्वयंपाकाची खोली, एका अंगाला गोठा. रस्त्यावरून किल्ल्यासारखं वाटणारं घर चौकात आलं की एकदम खुलं होतं. उजेड, वारा आणि पाऊस तिन्ही वरूनच येतात.

आणि मग लाकूड दिसतं.

चौकाच्या कडेने खांबांची ओळ असते. प्रत्येक खांब जमिनीत न पुरता घडवलेल्या दगडी उथळ्यावर उभा केलेला. हा बारकावा फार मोलाचा आहे. लाकूड मातीत गेलं की वाळवी आणि ओल त्याला काही वर्षांत खातात. दगडावर ठेवलं की पिढ्या काढतं. खांबाच्या माथ्यावर आडवा लाकडी ठोकळा बसवतात, बऱ्याचदा दोन्ही टोकांना कोरलेला. त्यामुळे वरच्या तुळईला टेकायला जास्त जागा मिळते आणि तिचा मोकळा पल्ला कमी होतो. तुळईवर सर, सरांवर किलचण म्हणजे बारीक लाकडांची आडवी ओळ, किंवा फळ्या. सांधे खोबणीत कुसू बसवून केलेले, गरज तिथे लाकडी मेख. लोखंडाचा खिळा मुख्य सांगाड्यात क्वचितच लागे. बलुत्यातल्या सुताराला नांगर, तिफण, गाडीचं चाक आणि घराचा खांब यांत एकच हात चालवावा लागे. औताला ज्या खोबणी तो रोज पाडत असे, त्याच इथे मोठ्या मापात येत.

दोन तुळयांमधल्या जागेला म्हणतात खण. घर मोजायचं माप हेच. गावात चौरस फुटांचा हिशेब अलीकडचा. आधी विचारलं जायचं, घर किती खणांचं? दुखणी, तिखणी हे शब्द त्यातूनच आले. भावाभावांत वाटणी झाली की रेघ तुळईखालून ओढली जाई: इकडचे तीन खण थोरल्याचे, तिकडचे दोन धाकट्याचे. घर वाढवायचं तर खण वाढवायचा, एक खांबांची जोडी आणि एक तुळई. घराची रचना, मालकी आणि ऐपत एकाच शब्दात मावत होती. इंग्लंडातल्या मध्ययुगीन लाकडी सांगाड्याच्या शेतघरांचं मापही असंच चाले, दोन चौकटींमधल्या गाळ्याने. हजारो मैलांवरच्या दोन शेतकरी समाजांनी घर मोजायची एकच रीत काढली, कारण दोघांचंही घर लाकडाच्या लांबीवर ठरत होतं. झाड जेवढं सरळ मिळेल तेवढा खण.

आणि इथे सरळ झाड मिळणं सोपं नव्हतं. अक्कलकोट हा उघड्या माळाचा, कमी पावसाचा मुलूख. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. रानात बाभूळ, बांधावर कडुलिंब. सामान्य शेतकऱ्याच्या घरात हीच लाकडं लागत, वाकडीतिकडी असली तरी चिवट. साग दूरच्या जंगलांतून यायचा, म्हणून सागाचा खांब ही श्रीमंतीची खूण होती. एकाच घरात दर्शनी सोप्याला कोरीव सागवानी खांब आणि आत गोठ्याला नुसती साल काढलेली बाभूळ असं दिसलं, तर त्या कुटुंबाने पैसा कुठे आणि का खर्च केला हे सांगायला कागद लागत नाही.

किलचणावर पाला पसरतात, बहुतेकदा कडुलिंबाचा, कारण किडीला तो नकोसा असतो. त्यावर चिखलाचा थर आणि शेवटी पांढरी माती. मराठी गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंती, शेणमाती यांनी वस्तीची माती पांढुरकी आणि खारवट होते. ती भिजली की फुगून घट्ट बसते, पाणी सहज खाली उतरू देत नाही आणि तिच्यावर गवतही फारसं माजत नाही. म्हणून जुन्या, ओसाड पडलेल्या पांढरीवरून माती खणून आणायची आणि नव्या घरावर टाकायची ही पद्धत पडली. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना याचं दुःख होतं, कारण दख्खनमधल्या कितीतरी प्राचीन टेकड्या अशाच पोखरल्या गेल्या. खापरांचे तुकडे, बांगड्यांच्या काचा, कधी एखादं नाणं धाब्याच्या मातीत सापडतं ते यामुळेच.

हेच माळवद. सीमेपलीकडे कानडीत त्याला माळिगे म्हणतात. खांब तिकडे कंब होतो, तुळई तोले होते, सोप्याला पडसाले म्हणतात आणि आपल्याकडेही पडसाळ आहेच. अक्कलकोट तालुक्यात घरात कानडी आणि कचेरीत मराठी बोलणारी कुटुंबं गावोगाव आहेत. या घराला एका भाषेचं म्हणून मोकळं होता येत नाही. कृष्णा-भीमेच्या कोरड्या खोऱ्याचं हे घर आहे, आणि दोन्ही भाषांनी त्याचे भाग आपापल्या जिभेवर घडवले आहेत.

माळवदाच्या मधोमध एक भोक ठेवलेलं असतं, सवणं. चुलीचा धूर तिथून जातो, उजेड तिथूनच येतो. भर दुपारी काळोख्या माजघरात सवण्यातून पडलेला उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकत जातो आणि घरातल्या बायका त्यावर वेळ ओळखत. पावसाचा थेंब आला की कुणीतरी पोर जिना चढून त्यावर घमेलं पालथं घालणार. कानडीत याला बेळकिंडी म्हणतात, म्हणजे सरळ ‘उजेडाची खिडकी’.

मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा या घराची थोरवी कळते. जाड भिंत आणि छतावरची हातभर माती दिवसभर ऊन पिते, पण ते आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. संध्याकाळी घरातली माणसं माळवदावर जातात, पाणी शिंपडतात, अंथरुणं टाकतात. दिवसा तिथेच पापड, कुरडया, सांडगे, शेंगा वाळतात. शेजारच्या माळवदावर पाय टाकला की पलीकडचं घर. गल्लीतून न जाता वरच्या वर अर्धं गाव फिरता येई.

धान्याची सोयही घराच्या अंगातच केलेली. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. सोलापूरची मालदांडी राज्यभर नावाजलेली. एक वर्ष पिकलं आणि दोन वर्षं आभाळाने पाठ फिरवली, असं इथे पुन्हा पुन्हा झालं आहे. म्हणून भिंतीलगत बळद बांधायचं: वरून धान्य ओतायचं, खाली छोट्या तोंडातून काढायचं. अंगणात किंवा वेशीजवळ पेव, जमिनीत खोल खणलेलं, कडबा आणि मातीने तोंड बंद केलेलं. बळदाचा आकार बघितला की घराला दुष्काळाची किती धास्ती होती ते समजतं. कोरीव खांबांचे फोटो सगळे काढतात. बळदात वाकून बघणारे थोडे. खरं तर शेतकऱ्याच्या घराचं काळीज तिथे असतं.

ही रचना किती जुनी? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांच्या जमिनी सापडल्या आणि खांब रोवल्याच्या खड्ड्यांच्या ओळीही. खांब तेव्हा मातीतच रोवत होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताला आजही लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या. दगड कोरणाऱ्यांनाही लाकडाशिवाय छत पुरं झाल्यासारखं वाटत नव्हतं. सोलापूरच्या दक्षिणेला भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. लेख वाचायला गेलेल्याने मान वर करून मंदिराचे खांब पाहावेत: तळाशी बैठक, मध्ये दंड, माथ्यावर आडवे हात, त्यावर तुळई. मैंदर्गीच्या सोप्यातला लाकडी खांब याच क्रमाने उभा असतो. दगडाने लाकडाचं व्याकरण उचललं आणि पुढे लाकडाने दगडाची नक्षी परत घेतली.

बरीदशाही आणि आदिलशाही काळात या भागाने लाकूडकामाची भव्य उदाहरणं पाहिली. अक्कलकोटहून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा आसार महाल आहे, १६४६ सालचा. त्याच्या दर्शनी दालनाचं छत चार प्रचंड लाकडी खांबांवर तोललेलं आहे. बिदरच्या रंगीन महालातले कोरीव लाकडी खांब सोळाव्या शतकातले. दगडी कमानी बांधण्यात निष्णात असलेल्या सुलतानांनी निवासासाठी आणि दरबारासाठी लाकूड निवडावं, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. पाटलाचा सोपा आणि सुलतानाचं दालन यांत माप आणि नक्षी यांचा फरक आहे. वजन खाली उतरवण्याची युक्ती मात्र एकच.

शेतकऱ्याचं नेमकं मध्ययुगातलं घर मात्र आज उभं सापडणं कठीण. मराठी मुलखातले उभे वाडे मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. लाकूड जळतं, कुजतं, आणि चांगलं असेल तर नव्या घरात पुन्हा वापरलं जातं. १७३२ साली पुरा झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तिथे दगडी जोती, तट आणि खांबांच्या बैठका तेवढ्या दिसतात. पण पुन्हा वापरलेल्या लाकडातच एक शक्यता दडली आहे. सागाच्या खोडात दर वर्षाचं कडं उमटतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी सागाची अशी कडी वाचून जुन्या पावसाळ्यांचा अंदाज बांधला आहे. युरोपात ओकच्या कड्यांवरून घराच्या तुळईचं झाड कोणत्या वर्षी तोडलं हे सांगतात. आपल्या वाड्यांच्या सागालाही हा प्रश्न विचारता येईल, लाकूड शिल्लक असेल तोवर.

मग आली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन करून गावं झोपली होती. तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. अक्कलकोटपासून सरळ रेषेत हे अंतर पाऊणशे किलोमीटर. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक जण अशाच दगडमातीच्या घरांखाली. या भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना माळवदाबद्दल प्रेमाने बोलताना आजही ती पहाट आठवते. आठवायलाच हवी. तिला वगळून या घराचं कौतुक करणं हा मेलेल्यांचा अपमान होईल.

त्यानंतर झालेल्या पाहण्यांत जे दिसलं ते नीट समजून घेतलं पाहिजे. छतावर मातीचा थर ५०० ते ८०० मिलिमीटर जाड होता. अर्धा मीटर थर धरला तरी चौरस मीटरमागे आठशे किलोच्या घरात वजन होतं. बांधताना ते एवढं नव्हतं. दर वर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं दोन-तीन पिढ्या चाललं. भिंतीचंही तसंच: बाहेरचा आणि आतला असे दोन वेगळे पदर, मध्ये गोट्या आणि चिखल, दोन्ही पदरांना सांधणारा लांब दगड नाही. हादरा बसताच पदर सुटले आणि भिंती कोसळल्या. जिथे छताचा भार भिंतीवर होता, तिथे सगळंच खाली आलं. पण जिथे खण पुरे होते, म्हणजे छत लाकडी खांबांवर स्वतंत्रपणे पेललेलं होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या आणि सांगाडा उभा राहिला. त्या सांगाड्याखाली माणसं वाचली.

काश्मीरच्या धज्जी-देवारीत किंवा हिमाचलच्या काठकुणीत लाकूड भिंतीच्याच आत गुंफलेलं असतं, म्हणून भिंतही भूकंपात टिकून राहते. आपल्याकडे लाकूड आणि भिंत शेजारी उभे होते, एकमेकांना धरून नव्हते. दोष होता तो या तुटकपणात आणि वाढत गेलेल्या मातीत. लाकडाने आपलं काम चोख केलं होतं.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि आसपासच्या जिल्ह्यांत दगडी घराची भीती पसरली. ऐपत आली तसं लोकांनी माळवद उतरवलं, स्लॅब टाकला. त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. दर पावसाळ्यात गळकं घर शाकारत बसणं सोपं नसतं, आणि लेकराबाळांना मातीच्या ओझ्याखाली निजवायचं धाडस होत नाही. पण उतरवलेल्या घराचं काय होतं? खांब, तुळया, कोरीव चौकटी जुन्या लाकडाचा व्यापारी गाडी लावून घेऊन जातो. शहरातल्या हॉटेलच्या दर्शनी भागात ते खांब उभे राहतात, उथळ्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या जातात. घर किती खणांचं होतं, बळद कुठे होतं, सवणं कोणत्या खोलीवर उघडत होतं, हे लिहून ठेवलेलं नसतं.

सांगाड्याचं घर सुटं करता येतं, तसं ते पुन्हा जोडताही येतं. इंग्लंडात केंट परगण्यातलं बेलीफ नावाचं पंधराव्या शतकातलं शेतघर एका नव्या जलाशयाच्या पाण्याखाली जाणार होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते तुकड्या-तुकड्यांनी उतरवलं गेलं आणि ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात उभं केलं गेलं. आज लोक त्याच्या चुलीजवळ बसून मध्ययुगीन शेतकऱ्याचं जगणं समजून घेतात. आपल्याकडे त्याच सुमाराला भीमेवर उजनी धरण उभं राहत होतं, १९८० मध्ये ते पुरं झालं. पाणी आटलं की पळसदेवचं दगडी मंदिर वर येतं आणि गर्दी जमते. त्या गावांतल्या खणांच्या घरांपैकी एखादं तरी काठावर आणून उभं केलं असतं तर! हे अशक्य नव्हतं. मुधोळच्या घोरपड्यांच्या राजवाड्याचं लाकडी दरबारगृह मणिपालच्या वारसा-गावात हलवलेलं आहे. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र संग्रहालयात इलकलच्या विणकराचं घर आहे. शेजारच्या उत्तर कर्नाटकातलं, आपल्या माळवदाच्या सख्ख्या नात्यातलं घर समुद्रकिनारी नांदतं आहे. अक्कलकोटचं किंवा मैंदर्गीचं एकही घर असं कुठे नाही.

सोलापूरपासून फार दूर नसलेल्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. एका माणसाच्या ध्यासातून जमलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. घराच्या बाबतीत तर सुरुवातीला संग्रहालयही लागत नाही.

तेव्हा अक्कलकोटला जाणाऱ्या वाचकाला एवढीच विनंती. दर्शन झाल्यावर तासभर काढा, पेठेतल्या किंवा आसपासच्या गावातल्या एखाद्या माळवदाच्या घराचं दार वाजवा, घरच्यांची परवानगी घ्या आणि खण मोजा. खांब कशाचा आहे, उथळ्यावर काय कोरलंय, बळद किती पोत्यांचं, हे घरातल्या आजींना विचारा आणि त्या जो शब्द वापरतील तोच वहीत उतरवा, मराठी असो वा कानडी. आणि ज्यांच्या स्वतःच्या गावी असं घर अजून उभं आहे, त्यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याला फोन करण्याआधी जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाला एक फोन करावा. घराचा मोजून नकाशा काढायला विद्यार्थ्यांना दोन दिवस पुरतात.